आठ नंबर सोडून

नाना सकाळी ड्युटीवर आले की आधी वजनकाट्यावर जाऊन उभे राहायचे. ट्रक आणि बैलगाड्या तोलायचा तो भला मोठा काटा. वीस किलोच्या खालचं त्याला काही कळतच नाही. नानांचं वजन बासष्ट. काट्याच्या खोलीतला माणूस खिडकीतून ओरडायचा, "साठ!" नाना मान हलवायचे आणि उतरायचे. ज्या दिवशी तो "ऐंशी" म्हणेल त्या दिवशी काटा खोटं बोलतोय, इतकं साधं गणित. हा काटा दरवर्षी सरकारी माणूस येऊन तपासायचा आणि शिक्का मारून जायचा. त्याचं नानांना काही नव्हतं. "शिक्का त्यानं मारला. म्या कुठं बघितलं?"

नाना आमच्या कारखान्यातल्या संगणक विभागाचे प्रमुख. मूळचे जामखेडकडचे. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला गोदाकाठी यायचे. त्यांच्यामागे नाना आले, शिकले, आणि पुढे त्याच भागातल्या कारखान्यात काट्यावर कारकून म्हणून लागले. पहिला संगणक आला तेव्हा बाकीचे कारकून त्याच्यापासून लांब पळाले. हे यंत्र नेमकं काय लपवतंय ते बघावं म्हणून नाना त्याच्यासमोर बसले आणि उठलेच नाहीत. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. कोपरगावच्या बाजूला, एवढं पुरे. समोर सगळे त्यांना नाना म्हणत आणि पाठीमागे 'तपासनाका'. ते जिन्यावर दिसले की शेतकी विभागातलं कुणीतरी हळूच म्हणायचं, "नाका आला रे, कागदं काढून ठेवा."

मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. घर नगरला सावेडीत आणि नोकरी तिकडे. आठवडाभर कॉलनीतल्या खोलीत राहायचं आणि शनिवारी दुपारी मोटारसायकलला किक मारायची. निघताना नाना माझ्या गाडीचा ब्रेक स्वतः दाबून बघत. "परवाच सर्व्हिसिंग केलंय नाना," मी म्हणायचो. "तू बघितलंस, का त्यानं सांगितलं?" हा त्यांचा ठरलेला सवाल. दिवसातून चारदा तरी कुणाला ना कुणाला तो विचारला जायचा. मी चिडलेला दिसलो की म्हणायचे, "तुजा भरवसा हाय रं. गाडीचा न्हाई."

माझी मुलगी नगरला झाली तेव्हा नाना एसटीनं दवाखान्यात आले. बाळ हातात घेतलं, दुपटं सोडलं आणि सगळ्यांदेखत तिच्या हातापायांची बोटं मोजली. माझी सासू बघतच राहिली. "ईस हायती," नाना म्हणाले. "आना आता पेढा." मुलगी आता मोठी झाली. तिच्या आठवणीत नाना नाहीत; तिच्या आईनं सांगितलेले, बोटं मोजणारे एक आजोबा तेवढे आहेत. ते आता आपल्याकडे का येत नाहीत, असं तिनं मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी विषय बदलला.

या मोजण्याचं मूळ नानांनी मला एकदा सांगितलं होतं. टोळी एका गावचा फड संपवून दुसऱ्या गावाला हलायची तेव्हा राहत्या झोपड्या, म्हणजे कोप्या, मोडायच्या, भांडीकुंडी बैलगाडीत टाकायची आणि निघायचं. असंच एकदा निघाले आणि नानांचा चुलतभाऊ मागेच राहिला. चार वर्षांचं पोर पाचटाच्या ढिगात झोपलेलं. पुढच्या गावात पोचून चुली मांडल्यावर कळलं. "घावला तसा," नाना म्हणाले. "पर तवापासून माजी आई निघताना मोजायची आन पोचल्यावर मोजायची. यादीत काय लिवलंय ते मागनं वाचायचं, शिरीकांत. आधी किती हायती ते मोजायचं."

आता त्या सर्व्हरचं सांगायला हवं. त्यावाचून पुढचं कळणार नाही.

कारखान्याची दहा गट ऑफिसं होती, खेड्यापाड्यांत पसरलेली. प्रत्येकात एक लहानसा सर्व्हर. त्यात त्या गटातल्या उसाच्या नोंदी, आणि कुणाचा ऊस कधी तोडायचा तो क्रम. लागवडीच्या तारखेप्रमाणे पाळी लागते. पाळी मागे पडली की उसाला तुरे येतात, वजन घटतं, पुढचं पीक हुकतं. या पाळीवरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. अशा या दहा सर्व्हरमध्ये कारखान्यात बसून शिरता यावं म्हणून प्रत्येकावर लॉगिनचं एक सॉफ्टवेअर असतं. ते म्हणजे त्या सर्व्हरचं दारच. पूर्वी आम्ही एकेका दारानं आत जायचो आणि काय असेल ते काम हातानं करायचो.

मी ऑटोमेशन आणलं. सगळ्या आज्ञा एका फाईलमध्ये लिहून ठेवायच्या आणि एकदाच चालवायच्या. दहाही सर्व्हरवर काम आपोआप होतं. शेवटी पडद्यावर अहवाल येतो. ठीक असेल तर हिरवी ओळ, काही बदललं असेल तर पिवळी, बिघडलं असेल तर लाल. एमडी साहेबांना तो हिरवा पडदा इतका आवडला की पाहुणे आले की ते त्यांना आमच्या खोलीत घेऊन यायचे. नाना मात्र मागे खुर्चीत बसून बघत. एकदा पाहुणे गेल्यावर म्हणाले, "लई हिरवं हाय. आतनं लाल पडलेला ऊसबी वरनं हिरवाच दिसतो. कांडं फोडल्याबिगार कळत न्हाई."

मला राग आला होता. मी शिकून आलेला आणि हे काट्यावरचे कारकून, असंही मनात आलं होतं. तेही लिहून टाकतो.

आठ नंबरच्या गटातला सर्व्हर सगळ्यांत जुना होता. एका हंगामात ऑटोमेशननं सगळ्यांवरचं लॉगिनचं सॉफ्टवेअर नवं केलं. नऊ ठीक झाले आणि आठ नंबरचं दार बंद पडलं. आतूनच बंद. मला गाडी काढून त्या गावी जावं लागलं, जुनं व्हर्जन परत टाकावं लागलं, आणि तोवर अर्धा दिवस तोडीच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत. एमडी साहेबांनी सगळ्यांसमोर मला झाडलं. त्या दिवशी परत येऊन मी आज्ञांच्या फाईलमध्ये एक ओळ घातली: आठ नंबर सोडून. शेजारी टीप लिहिली, 'तात्पुरतं'. हंगाम संपला की सावकाश बघू.

हंगाम संपला. मी बघितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात बातमी आली की या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये भोक सापडलंय. माहितगार माणूस पासवर्ड न देता आत शिरू शकतो, आणि नोंदीत त्याचं नाव राहत नाही. मी लगेच ऑटोमेशन चालवलं. नऊ ओळी पिवळ्या झाल्या, पुन्हा चालवलं तर नऊही हिरव्या. बिघाड शून्य. अहवाल छापून मी नानांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि पेनाच्या टोकानं एकेक ओळीवर टिचकी मारत मोजलं.

"नऊच हायती."

"बिघाड शून्य आहे नाना. तिथे खाली बघा."

"ते बघितलं. यंत्रं धा हायती. आठवं कुठं गेलं?"

त्या क्षणी मी म्हणू शकत होतो, की ते मी वगळलंय, मला त्याची भीती वाटते. नानांनी शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मागे गाडीवर बसून त्या गावी आले असते. मी म्हणालो, "ते वेगळ्या यादीत आहे. त्याचंही झालंय."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांना पटलं नव्हतं, आणि पटलं नव्हतं हे त्यांनी लपवलंही नाही. त्या दिवसापासून चारचा चहा झाला की नाना स्वतः आठ नंबरमध्ये लॉगिन करायला लागले. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. आत गेलं की व्हर्जनचा आकडा बघायचा आणि बाहेर यायचं. दुसरं काही नाही. मला तो आकडा दाखवून दोन वेळा म्हणाले, "शिरीकांत, हे जुनंच दिसतंय रं." मी दोन्ही वेळा, बघतो म्हणालो. त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं नाही. रोज जाऊन बघायचे मात्र. आज मला वाटतं, मी कधीतरी आपणहून ते नवं करीन याची ते वाट बघत होते. माझा बोभाटा न होता.

जानेवारीत एका सकाळी कारखान्याच्या गेटवर गर्दी जमली. आठ नंबर गटातल्या तोडीचा क्रम बदलला होता. मागच्या पंधरा-सोळा जणांची नावं वर गेली होती आणि ज्यांची पाळी दोन-तीन दिवसांवर आली होती ते दीड महिना मागे गेले होते. वर गेलेल्या काहींचा ऊस तुटूनही आला होता. शेतकी विभाग म्हणाला, आम्ही हात लावलेला नाही. यादी सर्व्हरवरून येते. झालं, सगळे आमच्या खोलीकडे वळले.

पुढे हिराबाई होत्या. नवरा गेल्यापासून तीन एकर ऊस एकटीनं बघणारी बाई. त्यांच्या पाळीला तीन दिवस उरले होते. त्या ओरडल्या नाहीत. नानांसमोर उभ्या राहून त्यांनी एवढंच विचारलं, "नाना, माज्या मालकाच्या मयतीला तुमी खांदा दिलता. आन माजाच ऊस मागं ठिवला?"

"म्या न्हाई ठिवला, बाई."

"मंग कुनी? यंत्र तुमच्याच ताब्यात हाय न्हवं?"

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणी प्रश्न विचारला होता. दार कुणामुळे उघडं राहिलं, एवढं तरी मला माहीत होतं. मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभा होतो.

चौकशीला तिघे बसले: शेतकी अधिकारी, हिशेब विभागाचे प्रमुख आणि एक संचालक. आठ नंबरच्या नोंदी काढल्या तर तीन महिन्यांत हातानं लॉगिन केलेलं नाव एकच निघालं. नाना. रोज, चारनंतर. बाकी नऊ सर्व्हरवर एकदाही नाही.

"नाना, ऑटोमेशन असताना तुम्ही रोज हातानं कशाला जात होता? आणि तेही एकाच सर्व्हरमध्ये?" संचालकांनी विचारलं.

"तिथलं लॉगिनचं सॉफ्टवेअर जुनं हाय. त्याला भोक हाय. कुनीबी शिरंल. म्हनून बघत हुतो."

शेतकी अधिकारी हसले. "म्हणजे चोर येतो का बघायला तुम्हीच रोज घरात शिरत होता व्हय?"

संचालक माझ्याकडे वळले. "श्रीकांतराव, खरंय का? जुनं आहे?"

नवी नोकरी शोधण्याचं वय गेलं होतं, सावेडीतला फ्लॅट, मुलीची शाळा... ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही इथे चालणार नाही. मी म्हणालो, "अहवालात तरी सगळं हिरवं आहे साहेब."

"मग उद्या इथेच पडद्यावर दाखवा," ते म्हणाले आणि उठले.

आता जे लिहितो ते मी कुणालाच, बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी साडेचार वाजता, खोलीत कुणी नसताना, मी फाईलमधली 'आठ नंबर सोडून' ही ओळ खोडली आणि ऑटोमेशन चालवलं. नऊ ओळी हिरव्या आल्या. दहावी यायला वेळ लागला. ती लाल येऊ दे, असं मला वाटलं का? थोडं वाटलं. ती पिवळी आली. वर्षभर ज्याला मी भीत होतो ते काम मिनिटभरात बिनबोभाट झालं होतं. आठ नंबरवरचं जुनं सॉफ्टवेअर गेलं, आणि नानांचा एकुलता एक साक्षीदार गेला.

दुसऱ्या दिवशी नानांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या दोन बोटांनी लॉगिन केलं. पडद्यावर नवा आकडा आला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काल जुनं हुतं," ते म्हणाले.

"एका दिवसात नवं झालं? आपोआप?" शेतकी अधिकारी म्हणाले, आणि खोलीत हशा पिकला.

नाना माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. "शिरीकांत, तू सांग."

"अद्ययावत दिसतंय, नाना," मी म्हणालो.

नाना दुपारच्या सुट्टीपर्यंत तिथेच बसून राहिले आणि सुट्टी झाल्यावर उठून गेले. ठपका आला, सक्तीची रजा आली आणि मग त्यांनी स्वतःच निवृत्ती मागितली. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. शाल नाही, नारळ नाही. नानांची कॉलनीतली खोली रिकामी करताना मी मदतीला गेलो. नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भांडी पोत्यात भरत होत्या. नानांनी मला कामाच्या सुपूर्दीचा कागद दिला. दहा सर्व्हर, दहा ओळी, स्वच्छ अक्षरात. "मोजून घे," म्हणाले. मी मोजले. टेम्पो निघाला तेव्हा त्यांनी हात केला नाही आणि मीही केला नाही.

त्यांची खुर्ची मला मिळाली. क्रम कुणी बदलला ते शेवटपर्यंत कळलं नाही, आजही माहीत नाही. त्या भोकातूनच कुणी शिरलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दार उघडं होतं, कुणीही शिरू शकत होतं, हे चौकशीसमोर यायला हवं होतं. ते माहीत असलेली माणसं दोनच होती आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्यानं खोटं पाडलं. पुढची तीन वर्षं मला प्रत्येकाचा संशय यायचा. शिपाई चहा ठेवून जरा जास्त थांबला तरी वाटायचं, याला माहीत आहे. दोघं हलक्या आवाजात बोलताना दिसले की मी जिना बदलायचो. तपासनाका ही पदवीही आता माझ्याकडे आली होती, फक्त नाना दुसऱ्यांच्या चुका शोधायचे आणि मी स्वतःची झाकत होतो.

यंदा पुण्याहून तपासणीला एक मुलगी आली. कुठल्या सर्व्हरवर लॉगिनचं जुनं सॉफ्टवेअर आहे आणि कुठलं कधी बदललं, याची यादी तिनं मागितली. मी काढून दिली. तिनं बोट ठेवलं. "सर, तीन वर्षांमागे हे नऊ पावसाळ्यात बदललेत. हा एकच भर हंगामात, एकटाच. का?"

एवढाच प्रश्न. चौकशीच्या दिवशी कुणी विचारला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "मी तो यादीतून वगळला होता." तिनं "बरं" म्हणून लिहून घेतलं आणि पुढच्या ओळीकडे वळली. तिचं पेनसुद्धा थांबलं नाही.

त्या रविवारी मी आष्टीवरून जामखेडला गेलो. नानांचं घर गावाच्या कडेला, पुढे लिंबाखाली बाज. वहिनींनी दार उघडलं, मला ओळखलं आणि दारातच उभ्या राहिल्या. "आता कशापायी आलात?" आतून नाना म्हणाले, "येऊ दे गं. पानी दे."

मी सगळं सांगितलं. वगळलेली ओळ, साडेचार वाजता केलेलं काम, सगळं. सांगताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं. नाना सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसले होते. मी बोलत असतानाही त्यांचा हात थांबला नाही.

"झालं सांगून?" त्यांनी विचारलं. "ते मला त्याच दिवशी कळलं हुतं. आकडा बदलला तवाच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? बदलल्याची तारीख दाखवा म्हणाला असता तर..."

"तेवढं मला येत हुतं." एक शेंग कुजकी निघाली, ती त्यांनी बाजूला टाकली. "नोंदीत नाव माजंच हुतं, म्या तर जानारच हुतो. तारीख दाखवली असती तर तूबी गेला असतास. आपन दोगं घरी, आन सीझन चालू. धा गटांतला ऊस कुनाच्या भरवशावर तोडला असता? आन आणखी एक. तू सांगशील असं वाटलं हुतं. म्हनून दुपारच्या सुट्टीपोतर बसलो तिथं."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"हे नगं करूस. आन मला सांगून काय उपेग? म्या काय केलं न्हाई, हे मला कालबी ठावं हुतं, आजबी ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांग. सायबांना लिवून दे. आन त्या हिराबाईला सांग, तोंडानं. ती बाई मला गेटावर जे बोलली ते म्या जामखेडला घेऊन आलोय. ते सांग, मंग आपन बोलू. तवर फोन करू नगंस."

वहिनींनी चहा केला नव्हता. मी निघालो तेव्हा नाना शेंगांचं सूप घेऊन आत गेले.

सोमवारी मी सगळं लिहून एमडी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "श्रीकांतराव, कशाला हे? ते गेले, तुम्ही आहात, सगळं सुरळीत आहे. कागद कागदाला जन्म देतो." मी म्हणालो, "आवक नोंद करून द्या साहेब." माझी चौकशी आता सुरू आहे. तिचं काय होईल ते होईल. लेखात तिला जागा देत नाही.

हिराबाई शेतात उसाला पाणी देत होत्या. मी बांधावर उभा राहिलो. दोन-तीन सऱ्या भरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "कारखान्याचे न्हवं का तुमी? बोला."

सर्व्हर, सॉफ्टवेअर हे शब्द मी वापरले नाहीत. सांगितलं, की आमच्या यंत्राचं दार माझ्या चुकीनं उघडं राहिलं होतं. नाना रोज जाऊन बघत होते, सांगत होते. मी घाबरून ते गुपचूप लावून घेतलं आणि चारचौघांत नानांना खोटं पाडलं.

"मंग माजी पाळी कुनी मागं टाकली?"

"ते माहीत नाही बाई. नानांनी नाही टाकली."

सरी फुटून पाणी भलतीकडे चाललं होतं, ते हिराबाईंनी फावड्यानं आधी अडवलं. "म्या त्या मानसाला काय बोलले, तुमाला ठावं हाय?"

"मी मागेच उभा होतो."

"मागं उबे हुते," त्या म्हणाल्या. नुसतं तेवढंच, माझ्याकडे न बघता. मग हात पुढे केला. "फोन लावा त्यांना."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. चिखलाचा हात असल्यामुळे त्यांनी तो दोन बोटांनी कानाला धरला. "नाना, हिराबाई बोलती. व्हय. व्हय, सांगितलं त्यांनी... म्या गेटावर जे बोलले, ते मागं घेतलं बगा. न्हाई, न्हाई, माजी चूकच झाली, इचारायचं सोडून म्या बोलून बसले." मग त्या ऐकत राहिल्या. पदराच्या टोकानं एकदा डोळे पुसले. "हितंच हाय की, बांधावर उबाय. थांबा, इचारते."

त्यांनी फोन कानापासून थोडा दूर धरला.

"नाना इचारतेत, तुमी आपसूक आलात, का त्यांनी धाडलं म्हनून आलात?"

आपसूक आलो म्हटलं असतं तर त्या बाईच्या मनात मी थोडा वर चढलो असतो. नाना पलीकडे ऐकत होते.

"त्यांनी पाठवलं," मी म्हणालो. "त्यांनी पाठवलं नसतं तर आलो नसतो."

"तुमी धाडलं म्हनून आला म्हनतोय," हिराबाईंनी फोनमध्ये सांगितलं. पलीकडचं ऐकलं, हुंकार दिला. मग फोन पदराला पुसून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"घ्या. बोलतो म्हनतेत."